स्किनरचा पिवळा अंगरखा: एका दंतकथेचें परीक्षण

इंग्रजी अमदानींतील हिंदी घोडदळाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार कर्नल जेम्स स्किनर याचें नांव निघालें कीं प्रथम त्याच्या रिसाल्याच्या पिवळ्या अंगरख्याकडे वळतात, आणि लागलीच त्या रंगाची उत्पत्ति सांगूं लागतात. ती अशी: रजपूत वीर मरणाचा निश्चय करून रणांत उतरत तेव्हां केशरी वस्त्रें परिधान करीत, स्किनरच्या पहिल्या स्वारांनीं जय किंवा मृत्यु यांपैकीं एक साधण्याची शपथ वाहून तींच ‘मृतांचीं वस्त्रें’ अंगावर घातलीं, आणि तेव्हांपासून पिवळा रंग त्या रिसाल्याचा झाला. ही कथा एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरत आली आहे. ऐकावयास ती गोड आहे व चित्रांस शोभणारीहि आहे. तिला समकालीन लेखी आधार कोणता हा प्रश्न मात्र तिचे सांगणारे स्वतःस क्वचितच विचारतात.

प्रस्तुत लेखांत ती कथा खरी कीं खोटी एवढाच निवाडा करावयाचा असता तर वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु या पिवळ्या रंगाच्या झगमगाटांत शिंदेशाहीच्या इतिहासांतील एक नमूद झालेली गोष्ट दिसेनाशी झाली आहे, व ती स्किनरच्याच चरित्रग्रंथांत आहे. तिच्याकडे लक्ष वेधणें हा आमचा हेतु.

स्किनरविषयींचें मुख्य साधन म्हणजे जेम्स बेली फ्रेझर यानें लंडन येथें १८५१ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलेला ‘मिलिटरी मेमॉयर’ हा ग्रंथ. स्किनर १८४१ सालीं वारला. म्हणजे ग्रंथ त्याच्या मागून दहा वर्षांनीं बाहेर आला. संपादक फ्रेझर हा दिल्लीचा सुप्रसिद्ध विल्यम फ्रेझर याचा भाऊ. विल्यम हा स्किनरचा जिवलग मित्र व त्याच्याच रिसाल्यांतील अधिकारी. १८३५ सालीं त्याचा दिल्लीस खून झाला व स्किनरनें त्याची कबर आपल्या खर्चानें बांधविली. तेव्हां ग्रंथ स्नेह्याच्या हातचा आहे, हें प्रथमच ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यांत स्किनरचें स्वकथन लांब लांब उताऱ्यांत प्रथमपुरुषीं दिलें आहे, व मधले सांधे संपादकानें आपल्या शब्दांत जोडले आहेत. मूळ स्वकथन फारसींत होतें असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तसें असल्यास आपल्या हातीं आहे तो फ्रेझरच्या इंग्रजींतून गाळून आलेला स्किनर होय. बखर वाचतांना जी सावधगिरी आपण बाळगतों तीच येथेंहि बाळगणें प्राप्त आहे. ग्रंथ लंडनास छापला म्हणून तो बखरीहून वेगळ्या जातीचा ठरत नाहीं.

याचें एक उदाहरण देतों. आपला जन्म १७७८ सालीं झाला असें स्किनर सांगतो. आणि आपली आई भोजपूर प्रांतांतील एका रजपूत जमीनदाराची मुलगी असून राजा चेतसिंगाबरोबरच्या लढाईंत, विजयगडाजवळ, चौदा वर्षांची असतां कैद झाली व आपल्या बापाच्या हातीं लागली असेंहि सांगतो. चेतसिंगाचें हेस्टिंग्जशीं बिनसलें तें ऑगस्ट १७८१ मध्यें, आणि विजयगड पडला तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत. मग १७७८ चा मुलगा १७८१ च्या कैदेंतून कसा जन्मास आला? जन्मवर्ष चुकलें असेल, अथवा लढाई दुसरीच कोणती तरी जुनी असेल व पुढें प्रसिद्ध झालेल्या लढाईचें नांव स्मरणानें तिला चिकटविलें असेल. दुसरें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. स्मरण हें नेहमीं मोठ्या नांवाकडे ओढ घेतें. पण चरित्रकारामागून चरित्रकार हीं दोन्ही विधानें एकाच पानावर निर्धास्तपणें लिहीत आले आहेत.

आईची पुढील हकीकत करुण आहे. आपल्या मुलींना शाळेंत घालण्यासाठीं पडद्याबाहेर काढावयाचें ठरलें तेव्हां अब्रू गेली असें मानून तिनें १७९० सालीं प्राणत्याग केला. बाप स्कॉटलंडचा, कंपनीच्या फौजेंतला. मुलगा मात्र त्या फौजेंत शिरूं शकत नव्हता. कारण कंपनीनें १७९१ सालीं हिंदी स्त्रियांच्या मुलांस मुलकी, लष्करी व आरमारी हुद्दे बंद केले, व १७९५ सालीं ज्यांचे आईबाप दोन्ही युरोपियन नाहींत अशांस फौजेंत ताशेवाले, वाजंत्री व नालबंद यांपलीकडे जागा नाहीं असें ठरविलें. याच सुमारास स्किनर कलकत्त्यास एका छापखानेवाल्याकडे उमेदवार म्हणून बांधला गेला. दोन-तीन दिवसांतच तो पळाला. बाजारांत ओझीं वाहून पोट भरूं लागला असतां मेहुण्याच्या नोकरानें त्याला ओळखून घरीं नेलें. पुढें धर्मबाप कर्नल बर्न याच्या शिफारसपत्रावर तो कोइल येथें डी बॉयनकडे गेला. डी बॉयननें दरमहा दीडशें रुपयांवर निशाणाचा हुद्दा देऊन त्यास मथुरेच्या तुकडींत पाठविलें. कलकत्त्यास जो वाजंत्री होण्यापुरताच लायक, तो मथुरेस अंमलदार झाला! शिंद्यांच्या कंपूंचे दोष आमच्या इतिहासकारांनीं पुष्कळ दाखविले आहेत व ते खरेहि आहेत. परंतु आईची जात न पुसतां हुद्दा देणारी फौज त्या वेळीं हिंदुस्थानांत कोणती होती, हेंहि त्याबरोबर नमूद व्हावें.

शिंद्यांच्या चाकरींतील सात-आठ वर्षांत स्किनरनें पुष्कळ पाहिलें. एप्रिल १८०० मधील मालपुऱ्याच्या लढाईंत त्यानें राठोडांची घोडी डुड्रेनेकच्या पलटणींवर कोसळतांना पाहिली. १८०१ सालीं जॉर्ज थॉमस ऊर्फ जहाजी साहेब याच्यावरील मोहिमेंत व हांसीच्या वेढ्यांत तो होता. परंतु वस्त्रांचा विषय चालला आहे म्हणून या काळांतील दोनच प्रसंग येथें घेतों. पोशाखावर लिहिणाऱ्यांच्या ते दृष्टीस पडूं नयेत याचें आम्हांस नवल वाटतें.

पहिला प्रसंग १८०० सालच्या उणियाऱ्याच्या लढाईचा. स्किनर करौलीच्या राजाच्या मदतीस गेला असतां त्याच्या तुकडीची धूळधाण झाली व तो गोळी लागून पडला. शुद्धीवर आला तेव्हां लुटारूंनीं तुमानीखेरीज अंगावर कांहींएक ठेविलें नव्हतें. जवळच गुडघ्याखालीं पाय तुटलेला एक सुभेदार व भाल्यानें भोसकलेला एक जमादार पडले होते. तशा स्थितींत रात्र गेली, दिवस गेला. मग एक म्हातारा व एक म्हातारी, जातीनें चांभार, टोपली व पाण्याचें मडकें घेऊन आलीं, व म्हातारीनें प्रत्येकास भाकरी व पाणी दिलें. स्किनरनें घेतलें, जमादारानें घेतलें. सुभेदार उंच कुळींचा रजपूत. मरणास थोडाच अवकाश आहे तर इतक्यासाठीं जात कां घालवूं, असें म्हणून त्यानें तें नाकारलें. स्किनरनें पुढें त्या म्हातारीस हजार रुपये पाठविले व तिला आई मानलें; आणि वांचलों तर ख्रिस्ती देऊळ बांधीन असा त्या रणांत केलेला नवस दिल्लीस काश्मीर दरवाज्याजवळ सेंट जेम्सच्या देवळाच्या रूपानें फेडला. त्या देवळाची प्रतिष्ठा १८३६ सालीं झाली. या प्रसंगांत वस्त्र नाहीं, आणि म्हणूनच माणूस स्पष्ट दिसतो. मरणाच्या वस्त्रांची कथा सांगणाऱ्यांनीं हा सुभेदार वाचला पाहिजे. मरणाचा निश्चय केलेला रजपूत कसा असतो हें स्किनर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगत आहे, आणि त्यांत रंगाचा उल्लेखहि नाहीं.

दुसरा प्रसंग २९ ऑगस्ट १८०३ चा, कोइलचा. इंग्रजांशीं युद्ध सुरू होतांच पेराँनें इंग्रजी रक्ताच्या अंमलदारांस चाकरींतून दूर केलें. त्यांत स्किनरहि आला. त्यानें पेराँची मनधरणी केली, चाकरी सोडावयाची नाहीं असें निक्षून सांगितलें. पण आतां तुमच्यावर विश्वास नाहीं, जा, असेंच उत्तर मिळालें. लेकच्या घोडदळापुढें पेराँचें घोडदळ उधळलें तेव्हां तोच पेराँ पळत येतांना स्किनरला भेटला, आणि त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. उत्तर हिंदुस्थानांत शिंद्यांचा मुखत्यार, त्याची टोपी मैदानांत पडावी व ती उचलावयास एक माणूस मागें राहूं नये! कंपूंच्या पाडावावर पानेंच्या पानें लिहिलीं गेलीं आहेत, पण त्या एका ओळीची बरोबरी करणारें पान थोडें. स्किनरनें त्याला अडवून पुन्हां एकदां विनंति केली, व तीहि फुकट गेली. नंतरच तो इंग्रजांच्या छावणींत आला.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. ११ सप्टेंबर १८०३ रोजीं दिल्लीसमोर यमुनेच्या पलीकडील मैदानांत शिंद्यांच्या कंपूचा मोड झाल्यावर पेराँच्या हिंदुस्थानी घोडदळांतील बरेच स्वार लेककडे आले. तुम्हांस सरदार कोण हवा असें विचारतां त्यांनीं ‘सिकंदर साहेब’ असें उत्तर दिलें. स्किनर या नांवाचें हिंदुस्थानी जिभेनें तेंच रूप केलें होतें. स्किनरनें सरदारी पत्करली, परंतु एका अटीवर: आपला जुना धनी दौलतराव शिंदे याच्यावर आपणांस शस्त्र धरावयास सांगूं नये. लेकनें ती अट मान्य केली. हें फ्रेझरच्या ग्रंथांत स्पष्ट आहे. पुढें ज्याला ‘स्किनरचा रिसाला’ म्हणतात त्याच्या जन्माच्या वेळची नोंदली गेलेली प्रतिज्ञा ती ही. तींत मरणाचें नांव नाहीं. खाल्ल्या मिठाची आठवण आहे. पराभव झालेले, पगार थकलेले, सेनापतीनें टाकून दिलेले लोक नवी चाकरी धरीत आहेत, आणि त्यांचा सरदार जुन्या धन्याचें मीठ तेवढें राखून ठेवीत आहे. अशा प्रसंगीं केशरिया करण्याची शपथ कोणी वाहिली असेल हें मनास पटत नाहीं. केशरिया करणारा चाकरी बदलीत नाहीं.

पिवळ्या वस्त्राच्या कथेबरोबरच दुसरी एक गोष्ट बहुतेक वृत्तांतांत आढळते: रिसाल्याची स्थापना २३ फेब्रुवारी १८०३ रोजीं हांसी येथें झाली. ही तिथि कोठून आली तें सांगणाऱ्यांनीं सांगावें. फ्रेझरच्या ग्रंथांतील हकीकतीशीं ती जुळत नाहीं. फेब्रुवारी १८०३ मध्यें स्किनर शिंद्यांचा चाकर होता. हांसीचा किल्ला १८०१ च्या अखेरीस थॉमसपासून घेतल्यामुळें तोहि शिंद्यांच्याच अंमलांत होता. वसईचा तह होऊन दोन महिने झाले नव्हते, आणि युद्ध पुकारलें गेलें तें ऑगस्टांत. शिंद्यांच्या किल्ल्यांत, शिंद्यांच्या अंमलदारानें, युद्धापूर्वीं सहा महिने कंपनीचा रिसाला उभारला असें मानावयाचें काय? हांसी हें रिसाल्याचें ठाणें झालें तें पुढें, १८०९ नंतर हरियाणांत कंपनीचा अंमल बसल्यावर. मागाहूनचें ठाणें व मागाहूनची तिथि जन्मपत्रिकेंत घुसविल्याचा हा प्रकार दिसतो. त्याचा परिणाम पाहा. फेब्रुवारीची तिथि धरली कीं दिल्लीचा पराभव, घोडदळाचें येणें व ती अट या तिन्ही गोष्टी अनावश्यक होतात. रिसाला जणूं आरंभापासून कंपनीचाच. आणि मरणाच्या शपथेची कथा धरली कीं मिठाच्या अटीला जागा उरत नाहीं. दोन स्वतंत्र चुका, पण दोहोंचा झोंक एकाच बाजूस आहे.

मग पिवळा रंग आला कोठून? राठोडांच्या केशरी वस्त्रांची हकीकत मेडत्याच्या लढाईच्या, म्हणजे सप्टेंबर १७९० च्या, वर्णनांत इंग्रजी लेखकांनीं रंगवून सांगितली आहे. त्या दिवशीं ते केशरी स्वार ज्या तोफांपुढें पडले त्या शिंद्यांच्या, डी बॉयनच्या कंपूच्या होत्या. रजपुतांत ही चाल होती यांत वाद नाहीं. पण चाल असणें आणि ती या रिसाल्यानें उचलणें यांत अंतर आहे. हांसी, हिसार, रोहतक या मुलखांतून स्किनरनें जे लोक पुढें भरले त्यांत रांगड म्हणजे मुसलमान रजपुतांचा भरणा मोठा होता. त्यांनीं कुळाची जुनी आठवण म्हणून हा रंग आपलासा केला असेल व शपथेची कथाहि त्यांच्याच चुलींभोंवतीं जन्मली असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. तसें असेल तर ती कथा मागाहूनच्या भरतीची होय, १८०३ ची नव्हे.

येथें आणखी एका गोष्टीचा विचार व्हावयास पाहिजे, व तो करणारा मराठी वाचकच असूं शकेल. स्किनरचा रिसाला शिलेदारी होता. इंग्रज लेखक ‘सिल्लादार’ असें लिहितात; शब्द तोच, सिलाह म्हणजे हत्यार यावरून आलेला. घोडें स्वाराचें, हत्यार स्वाराचें, पोशाख स्वाराचा. सरकारनें महिन्याचा ठराविक पगार द्यावयाचा. मराठी फौजेंतील शिलेदार व बारगीर यांचा भेद ज्यास ठाऊक आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. हीच रीत कंपनीच्या बेकायदी म्हणविल्या जाणाऱ्या घोडदळांत शिरली व पहिल्या महायुद्धानंतर १९२१ च्या सुमारास बंद होईपर्यंत टिकली. तेव्हां १८०३–१८०५ चा पिवळा अंगरखा कोणा सरकारी कोठारांतून आलेला नाहीं. प्रत्येक स्वारानें तो आपल्या पदरच्या पैशानें करविला. अशा फौजेंत रंग ठरवितांना कोणत्याहि कसब्याच्या रंगाऱ्याकडे मिळेल व धुवून उडाल्यास पुन्हां चढवितां येईल असा रंग निवडणें हें शपथेइतकें वीररसाचें नसलें तरी स्वाराच्या खिशास पटण्यासारखें आहे. हा आमचा तर्क आहे व तर्क म्हणूनच तो घ्यावा.

चित्रांविषयींहि दोन शब्द अवश्य आहेत. पोशाखावर लिहिणारे ज्यावरून वर्णन करतात तो काळ्या मखमलीच्या गळपट्टीचा, सोनेरी फितीचा, पिवळा दरबारी कोट विक्टोरिया राणीच्या उत्तरकाळांतला व तिच्या मागच्या राज्यांतला, म्हणजे हा रिसाला बंगालच्या भालाईतांची पहिली पलटण म्हणून गणला जाऊं लागल्यावरचा. युरोपांत शिवलेल्या त्या कोटावरून दिल्लीच्या शिवारांतील १८०३ च्या स्वाराचा अंगरखा कल्पिणें म्हणजे सवाई माधवरावाच्या चित्रावरून शहाजी राजांचा पोशाख ठरविण्यासारखें आहे. अधिक विश्वसनीय साधनें उपलब्ध आहेत. फ्रेझर बंधूंनीं १८१५ ते १८१९ च्या सुमारास दिल्लीच्या चितारांकडून त्या प्रांतांतील गांवकरी, रंगरूट व शिपाई यांचीं चित्रें काढविलीं. तो संग्रह १९७९ सालीं स्कॉटलंडांत घराण्याच्या कागदांत सांपडला व लिलांवांत पानपान सुटें होऊन चोहोंकडे गेला. (संग्रह फुटला कीं त्यांतील निम्मा पुरावा नाहींसा होतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.) दुसरें साधन म्हणजे गुलाम अली खान यानें १८२७ सालीं काढलेलें स्किनरच्या रिसाल्याच्या दरबाराचें चित्र, तें लंडनच्या लष्करी संग्रहालयांत आहे. कवाइतीच्या मैदानाऐवजीं दरबार रंगविला जावा, यांतच त्या रिसाल्याचा कारभार कोणत्या वळणाचा होता तें दिसून येतें.

एवढें लिहिल्यावर उलट दिशेनें अतिशयोक्ति होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, स्किनरची अट शिंद्यांपुरती होती, मराठ्यांपुरती नव्हती. १८०४–०५ मध्यें यशवंतराव होळकराच्या पाठलागावर तोच होता, व पंजाबपर्यंत तो गेला. तेथें त्याच्या हाताला कोणतीहि आठवण आडवी आली नाहीं. मीठ हें धन्याचें असतें. तें सगळ्या राष्ट्राचें आहे ही कल्पना त्या काळच्या शिपाईगिरींत शोधणें व्यर्थ. त्याला मराठ्यांचा स्नेही ठरवूं पाहणारे आणि त्याला पहिल्या दिवसापासून कंपनीचा बंदा ठरवूं पाहणारे, दोघेहि सारखेच वाट चुकतात.

कंपनीनें त्याची कदर सावकाश केली. लेक गेल्यावर रिसाला मोडला, पुन्हां उभा राहिला, वाढून तीन तुकड्यांचा झाला. भरतपूरच्या १८२६ च्या वेढ्यांतहि तो होता. तरी इंग्रज राजाच्या फौजेंतील लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा व ‘बाथ’चें मानचिन्ह मिळावयास वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला, १७९१ च्या ठरावाची सांवली इतकी लांब होती. दिल्लीच्या पातशहाकडून मिळालेला किताब मात्र भरघोस: नासिरुद्दौला कर्नल जेम्स स्किनर बहादुर गालिब जंग. १८३० च्या त्याच्या शिक्क्यांत हीं अक्षरें आहेत. त्याच्या अवतीभोंवतीच्या लोकांनीं मानिला तो सन्मान कोणता हें त्याच्या अंत्ययात्रेवरून कळतें. ४ डिसेंबर १८४१ रोजीं तो हांसीस वारला. जानेवारींत देह दिल्लीस आणून सेंट जेम्सच्या देवळांत पुरला, व सिकंदर साहेबांइतक्या इतमामानें कोणा पातशहासहि दिल्लींत आणलें नसेल असें लोक बोलले.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस स्किनर दुसऱ्याच कारणानें परिचित असेल. ‘तशरीह-उल्-अक्वाम’ हा जातिधंद्यांविषयींचा सचित्र फारसी ग्रंथ (१८२५) व ‘तज्किरत-उल्-उमरा’ हा राजघराण्यांचा वृत्तांत (१८३०) त्याच्या नांवावर आहेत, व सर जॉन माल्कमला नजर केलेल्या दोहोंच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत. दोन्हींत मजकुराइतकींच चित्रेंहि बोलकीं आहेत, आणि पोशाखाच्या अभ्यासास दंतकथांपेक्षां तीं शतपट उपयोगी. फ्रेझरच्या इंग्रजीची पारख करावयाची तर स्किनरच्या फारसीचें वळण प्रथम या दोन ग्रंथांवरूनच बसवावें लागेल.

मराठी बाजूचें काम याहून निकडीचें आहे. डी बॉयन व पेराँ यांच्या कंपूंच्या हजिऱ्या, पगाराचे तुकडे, १८०३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांतील उत्तरेकडील अखबार हे ज्यांच्या दप्तरांत असतील त्यांनीं ‘स्किनर’ हें नांव शोधूं नये. त्या लिहिणाऱ्यांस तें ठाऊक नव्हतें. ‘सिकंदर साहेब’, ‘इस्किनर’ अशा रूपांखालीं पाहावें, व त्या नांवापुढें कोणत्या तारखेपर्यंत शिंद्यांचा पगार पडलेला आहे तें टिपून ठेवावें.